बर्च बॉन्साय किट: ६४९ रुपये, चौदा महिने आणि एक जुना फ्रीज

पाचपैकी दोन तारे दिलेत. त्यातला एक बियांना, आणि एक दिवाळीच्या गर्दीत कोल्हापूरच्या उद्यमनगरातली आमची गल्ली हुडकून काढणाऱ्या डिलिव्हरीच्या पोराला. बाकी पेटीत तारे द्यावेत असं काही नाही. तरी नुसतं 'घेऊ नका' म्हणून मोकळं होता येत नाही, कारण हे लिहितोय तेव्हा त्यातल्या एका बीचं झाड माझ्याकडं जिवंत आहे. कुठं ठेवलंय ते आत्ताच सांगितलं तर हसाल, म्हणून आधी पेटीचं बोलतो.

पेटी २०२४ च्या दिवाळीत आली. थोरल्या लेकीनं पुण्यात बसून मागवली. "पप्पा, साठी झाली. आता लेथ पोरांवर सोडा आणि बसून करायचं काहीतरी लावून घ्या," असं तिचं म्हणणं. वर्कशॉप वडिलांनी १९७४ साली एका जुन्या लेथवर सुरू केलेलं. आता तीन लेथ आहेत, एक मिलिंग आहे आणि वरच्या गच्चीवर माझ्या तीस-पस्तीस कुंड्या आहेत. त्यामुळं छंद नव्हता असं नाही, पण बसून करायचा नव्हता हे खरं.

बर्चच का, म्हणजे भोजाच्या कुळातलंच झाड का, तर त्याला कारण मीच. २०१८ साली पेठेतल्या सात जणांबरोबर गंगोत्रीहून गोमुखला चालत गेलो होतो. चौदा किलोमीटरवर भोजबासा लागतं, नावच भोजाच्या झाडांवरनं पडलेलं. वाटेत ती झाडं दिसली. पांढरट-गुलाबी खोड, त्यावर आडव्या बारीक रेघा, आणि जुन्या वहीची पानं सुटावीत तसे सुटत आलेले सालीचे पदर. आमच्या वडिलांच्या गल्ल्यात आयुष्यभर एक भूर्जपत्राचा तुकडा होता, महाद्वार रोडवरच्या पूजा-साहित्याच्या दुकानातनं आणलेला, वर लाल गंधानं काढलेलं यंत्र. मला पन्नाशी उलटेपर्यंत तो जाड कागदच वाटायचा. त्या झाडाला हात लावला तेव्हा कळलं की आपल्या गल्ल्यात चाळीस वर्षं झाडाची साल होती. घरी आल्यावर 'असलं एक झाड गच्चीवर पाहिजे' हे मी इतक्यांदा बोललो असेन की लेकीनं ते लक्षात ठेवलं.

किटचं नाव लिहीत नाही. हीच पेटी, हाच फोटो, चार निरनिराळ्या नावांनी विकायला आहे. एकाला झोडपून तिघांना सोडलं असं व्हायला नको.

पेटी दिसायला झकास. जाड पुठ्ठा, वर फोटो: काळ्या तबकात पाच पांढऱ्याशुभ्र खोडांचं छोटंसं रान. वर लिहिलंय 'हिमालयन व्हाइट बर्च'. आत बियांच्या पाकिटावर मात्र 'बेट्युला पेंड्युला'. हिमालयातला भोज म्हणजे बेट्युला युटिलिस. पेंड्युला हा युरोपातला, ज्याला सिल्व्हर बर्च म्हणतात तो. ड्रॉइंगवर एक मटेरियल आणि हातात दुसरं. आमच्या धंद्यात असं झालं तर पार्टी अख्खा लॉट माघारी पाठवते, वर वाहतुकीचे पैसेही आपल्याच नावावर टाकते.

आतल्या मालात दोन प्लास्टिकच्या कुंड्या, नारळाच्या भुश्याच्या चार दाबलेल्या चकत्या, एक कात्री, तारेचं वेटोळं, नाव लिहायच्या बांबूच्या पट्ट्या, बियांचं पाकीट आणि माहितीपत्रक. कुंड्यांना तळाला भोकच नाही. ड्रिलवर लावून ६ मि.मी.ची पाच-पाच भोकं मी पाडली, पण ज्याच्या घरी ड्रिल नाही त्यानं काय करायचं? तारेवर '१.५ मि.मी.' छापलंय, व्हर्निअर लावला तर १.१ भरली. कात्रीबद्दल न बोललेलं बरं. आणि मुळात बी उगवून, खोड जरा जाड होऊन त्याला तार गुंडाळायची वेळ यायला दोन-तीन वर्षं लागतात. बियांच्या पाकिटाबरोबर तार देणं म्हणजे बाळंतविड्यात दाढीचं सामान घालण्यासारखं झालं.

आता बियांचं. पाकिटावर '५० बिया'. उघडलं तर आत तपकिरी भुसा, जोरात श्वास सोडला तरी उडेल असला. पंखा बंद केला, पांढऱ्या कागदावर ओतलं आणि भिंग लावलं. दोन जातीचे कण दिसले. एक चपटे, दोन्ही बाजूंना पातळ पारदर्शक पंख असलेले, चिलटासारखे. दुसरे तीन टोकांचे, पंख पसरलेल्या पाखरासारखे. तासभर चिमट्यानं वेगळे करत बसलो. चिलटं ४७, पाखरं ३४. मला वाटलं नर-मादी असं काही असेल. मग कळलं की पाखरं म्हणजे बी नव्हेच. बर्चला लोंबते तुरे येतात, त्यात बियांच्या पाठीशी ही खवलं असतात. तुरा पिकला की बी आणि खवलं दोन्ही एकदमच झडतात. म्हणजे बी ४७, बाकी भुसा. त्या ४७ मधलीही बरीच पोकळ असणार हे धरून चालायचं. बर्चमध्ये परागीकरण झालं नाही तरी बी धरल्यासारखं दिसतं, आत काही नसतं.

हौस म्हणून त्या बिया गुजरीतल्या एका सराफ दोस्ताकडं घेऊन गेलो. सोन्याच्या काट्यावर पहिल्यांदा शून्यच दाखवलं. त्यानं काचेची दारं लावली, पुन्हा ठेवलं. ०.०१ ग्रॅम. तो म्हणाला, "एवढ्या सोन्याचं बिल करायचं तर बिलाचा कागदच महाग पडंल." हसण्यावारी नेलं, पण सगळं गणित त्यातच आहे. ग्रॅमभरात काही हजार बिया बसतात, म्हणजे एका बीजवळ शिदोरी जवळपास नाहीच. चिंचोका मातीत दोन पेरं खाली गेला तरी स्वतःच्या जिवावर वर येतो. बर्चचं बी तेवढं खाली गेलं तर तिथंच संपतं. शिवाय त्याला उगवायला उजेड लागतो. मातीवर नुसतं ठेवायचं, फार तर चिमूटभर बारीक वाळू भुरभुरायची.

आणि पत्रक काय सांगतं? 'बिया २४ तास गरम पाण्यात भिजवा. १ सें.मी. खोल पेरा. रोज दोन वेळा फवारा मारा. ८ आठवड्यांत तुमचा बॉन्साय तयार.' हे पत्रक चिंचेसाठी लिहिलं असावं आणि सगळ्या पेट्यांत तेच घातलं असावं. चिंचेचा बॉन्सायही आठ आठवड्यांत होत नाही ते सोडा.

पत्रक घेऊन राजारामपुरीतल्या एका काकूंकडं गेलो. तीस वर्षं बॉन्साय करतात, गच्चीत पाय ठेवायला जागा नाही. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बॉन्सायचं बी असं काही नसतं हो. वडाचं बी लावलं की वड येतो. बॉन्साय तुम्ही त्याचा करायचा असतो." मी म्हटलं, मग लोक बियांपासून करत नाहीत का? "करतात की. जपानीत मिशो म्हणतात त्याला. पण ते करणारी माणसं नातवासाठी करतात." मग त्यांनी मला अर्धा तास जे सांगितलं, त्यातली दोन वाक्यं जरी पत्रकात असती तरी मी तिसरा तारा दिला असता.

बर्चचं बी थंड मुलखात झडतं, बर्फाखाली ओलं पडून राहतं आणि बर्फ वितळला की उगवतं. तो हिवाळा त्याला आपण द्यायचा. धुतलेली बारीक वाळू ओलसर करून तीत बी मिसळायचं, पिशवीत बंद करायचं आणि ४ अंशांच्या आसपास सहा आठवडे ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात नव्हे, खाली. थंडी खाल्लेलं बी उजेडासाठी फारसं अडून बसत नाही आणि बरंचसं एकदम उगवतं. तसंच पेरलं तर रडतखडत येतं, नाहीतर येतच नाही.

मी मूळचा टर्नर, कुणी सांगितलं म्हणून ऐकणारा नाही. ४७ चे तीन भाग केले. २३ बिया फ्रीजमध्ये. १२ पत्रकाप्रमाणे, गरम पाण्यात भिजवून सेंटिमीटरभर खोल. आणि १२ फ्रीज न दाखवता नुसत्याच मातीवर.

फ्रीजचा भाग सगळ्यात अवघड गेला, पण बीमुळं नव्हे. दुसऱ्याच दिवशी बायको पिशवी हातात धरून उभी. "आवं, दह्याच्या शेजारी माती कुणी ठेवली?" म्हटलं, माती नाही, हिमालय आहे तो. "मग हिमालयावर नाव लिवा की. काल वन्सं वरवंट्यानं वाटायला घेणार हुत्या." तेव्हापासून पिशवीवर मार्करनं 'खाऊ नये' लिहिलं आणि ती भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या मागं गेली. अधनंमधनं दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट जायची, तेवढा दिवस दार उघडायचं नाही असा वटहुकूम काढला. तो माझ्याशिवाय सगळ्यांनी पाळला.

तोवर मातीची तयारी केली. चकत्यांतला नारळाचा भुसा पाणी धरून ठेवतो, आणि आपल्याकडं पावसाळ्यात नेमकं तेच नको असतं. वीटभट्टीवरनं फुटक्या विटा आणल्या, कुटल्या. चाळायला शेजारच्या फौंड्रीतनं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातनं, वाळूचा दाणा तपासायच्या चाळण्या उसन्या घेतल्या. २ ते ३ मि.मी.चा दाणा ठेवला, पीठ सगळं टाकून दिलं. त्यात जाड वाळू आणि थोडा कुजलेला पालापाचोळा. आमच्या भागातल्या लोकांना एक सांगून ठेवतो: फौंड्रीच्या बाहेर पडलेली काळी वाळू फुकट मिळते म्हणून कुंडीत भरू नका. तिच्यात बेंटोनाईट नावाची चिकणमाती आणि कोळशाची पूड असते, ओली झाली की दगडासारखी बसते. साच्याला तोच तिचा गुण, मुळांना तोच काळ.

पाणीही बोअरचं चालत नाही. बर्चला आंबट माती लागते आणि आपल्याकडं बोअरच्या पाण्यात क्षार. पत्र्यावरचं पावसाचं पाणी मी एका बॅरलमध्ये धरून ठेवलं होतं, ते कामी आलं.

१७ डिसेंबरला फ्रीजमधली बी बाहेर काढून श्रीखंडाच्या पारदर्शक डब्यांत पेरली. ३१ तारखेला संध्याकाळी खाली पोरं थर्टी फर्स्टचा रस्सा उकळत होती आणि मी वर बॅटरी लावून बघत होतो, तेव्हा पहिलं दिसलं. मोहरीच्या निम्म्याएवढी दोन हिरवी पानं आणि खाली केसासारखा लाल दांडा. खाली जाऊन सांगितलं. कुणाला काही पडलेलं नव्हतं. एकजण एवढंच म्हणाला, "मालक, रश्श्यात टाकायचं हाय काय?"

उगवणीचा एकूण हिशेब असा. पत्रकाप्रमाणे पेरलेल्या १२ पैकी शून्य. मातीवर नुसत्या ठेवलेल्या १२ पैकी एक. फ्रीजमधल्या २३ पैकी आठ. एका पेटीवरनं शास्त्र सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण माझ्यापुरता निकाल लागला. बियांना दिलेला तारा तो हा. बी ताजी होती, विकणाऱ्यानं ती नीट ठेवली होती. फसवणूक बियांत नाही, कागदात आहे.

जानेवारीत पाच गेली. सकाळी उभी असलेली रोपं दुपारी दांडा पिचल्यासारखी आडवी. मेहुणा शिरोळकडं भाजीपाला करतो, त्याला फोटो पाठवला. लगेच फोन: "दाजी, ही कोलमड हाय. मिरचीच्या तरव्यात येती की. झाकण काढा पैला, आणि वरनं पाणी बंद करा." बुरशीचाच प्रकार, ओलं आणि कोंदट मिळालं की पसरते. डब्याचं झाकण मी कौतुकानं लावून ठेवलेलं, वर पत्रकाचा रोज दोनदा फवारा. झाकण काढलं, डबा पाण्याच्या ताटात ठेवून खालनं पाणी द्यायला लागलो. उरलेली चार वाचली.

याच सुमारास पेटीवरच्या नंबरवर फोन केला. पोरगा गोड बोलत होता, तक्रार नाही. मी विचारलं, थंडीचं पत्रकात काहीच का नाही? "सर, रोज पाणी घाला आणि झाडाशी प्रेमानं बोला." कोल्हापूरला बर्च जगेल का? "सर, ऑल इंडिया चालतं." कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि भोज वाढतो तीन हजार मीटरच्या वर, हे त्याला सांगितलं. त्यानं मला पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलत देऊ केली. जपानी चेरी ब्लॉसमच्या किटवर.

उन्हाळा मला वाटला होता तेवढा वाईट गेला नाही, माझीच चूक जास्त झाली. वर्कशॉपच्या उत्तरेच्या खिडकीत सकाळचं तिरपं ऊन येतं, तिथं चारी ठेवली. फुटक्या माठाच्या बुडख्यात ओली वाळू आणि त्यात छोट्या कुंड्या, म्हणजे मुळं तापत नाहीत. बर्चचं मूळ तापलं की खेळ खलास. मार्चभर सगळं नीट. एप्रिलमध्ये गडहिंग्लजला लग्नाला दोन दिवस गेलो, पाणी घालायचं काम ज्याच्याकडं दिलं होतं त्यानं इमानेइतबारे कुंड्या 'जरा ऊन लागू दे' म्हणून गच्चीवर नेल्या. आलो तेव्हा दोन वाळलेल्या. त्याला बोललो नाही. त्याच्या डोक्यात झाड म्हणजे ऊन, त्याचं काय चुकलं?

२०२५ साली मे महिन्यातच पाऊस लागला. उरलेल्या दोनांपैकी एक मी मुद्दाम पेटीतल्या भुश्यात लावलं होतं, एक विटांच्या दाण्यात. भुश्यातलं जूनअखेर खालनं कुजलं. पानं हिरवी, नुसतं बोट लावलं तर झाड हातात आलं. विटांतलं मात्र पाऊसभर तग धरून राहिलं.

मग एक कोडं पडलं. ते वाढेनाच. निरोगी, पानं तजेलदार, पण जुलैत शेंड्याला छोटीशी कळी मिटून बसलं ते बसलंच. खत कमी, पाणी जास्त, सगळे तर्क झाले. उत्तर पुन्हा काकूंकडं, आणि ते मला फार आवडलं. बर्चला ऋतू कळतो तो दिवसाच्या लांबीवरनं. उत्तर युरोपात उन्हाळ्यातला दिवस सतरा-अठरा तासांचा, कुठं कुठं त्याहून मोठा. दिवस आखडायला लागला की झाड समजतं, हिवाळा आला, आवरा. आपल्या कोल्हापुरात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस १३ तासांच्या किंचित वर. त्या बीचे आईबाप उत्तरेकडचे असतील तर त्याच्या हिशेबानं कोल्हापुरात बारा महिने दिवाळीच चालू आहे. मी वर्कशॉपमधली एक एलईडी पट्टी टायमरवर लावली, पहाटे दोन तास आणि संध्याकाळी तीन. तीन आठवड्यांनी कळी उघडली. लाईट बिलात फरक पडला नाही, पण रात्रपाळीच्या पोरांनी झाडाला 'ओव्हरटाईमवाला' नाव ठेवलं.

आज ते १६ सें.मी. आहे. खोड पेनातल्या रिफिलएवढं, आणि रंग तपकिरी. लेक व्हिडिओ कॉलवर दर वेळी विचारते, "पप्पा, पांढरं कधी होणार?" तिचाही दोष नाही, पेटीवर पांढरंच दाखवलंय. बर्चची साल लहानपणी तांबूस-तपकिरीच असते. पांढरेपणा येतो तो सालीच्या वरच्या थरांत बेट्युलिन नावाचं द्रव्य साठायला लागल्यावर, आणि त्याला काही वर्षं जावी लागतात. पुढं साल कागदासारखी सुटते. वरचे कोरडे पदर सुटले तर झाडाला काही होत नाही, पण यंत्राच्या नादात आतला जिवंत थर सोलला तर झाड मरतं. वडिलांच्या गल्ल्यातला तुकडा परवा काढून बघितला. सात पदर मोजले, मग मोजायचं सोडलं.

समजा तुम्ही महाबळेश्वरला राहता, किंवा हिमाचलात पोरगं नोकरीला आहे, आणि झाड जगलं. तरी बर्च हे बॉन्सायला हट्टी झाड आहे. वड-पिंपळ कुठंही कापा, तिथनं चार फुटवे येतात. बर्चची जाड फांदी कापली की जखम भरायच्या आत ती फांदी मागं मागं वाळत येते. वसंतात, पानं फुटायच्या आधी कापली तर नळ गळावा तसा रस गळत राहतो. शिवाय काही कारण नसताना एखादी चांगली घडवलेली फांदी तो सोडून देतो. म्हणून माहीतगार लोक त्याला बारीक असतानाच नखानं खुडून वळण लावतात, करवत लावायची वेळच येऊ देत नाहीत. आणि रानातही हे दीर्घायुषी झाड नव्हे. उघड्या जागेवर सगळ्यात आधी येतं, भराभर वाढतं, साठ-ऐंशी वर्षांत आटोपतं. पिंपळासारखं सात पिढ्यांचं काम नाही ते. हे सगळं त्या पत्रकात कुठं बसवणार म्हणा, ते पोस्टकार्डाएवढं आहे.

कुणी घ्यावं? मुलांना भेट म्हणून तर अजिबात नको. आठ आठवड्यांचं वचन मुलं खरं मानतात, आणि बी उगवलं नाही की आपल्याच हातात गुण नाही असं समजतात. बॉन्साय शिकायचा असेल त्यानं ६४९ रुपये खिशात ठेवावेत आणि पन्हाळा रोडच्या किंवा कागलकडच्या कुठल्याही नर्सरीत जाऊन ८० रुपयांचा फायकस आणावा, नाहीतर कुठल्याही जुन्या भिंतीत उगवलेला उंबर काढावा. कोल्हापुरात त्याला काय तोटा? चिंचोके तर स्वयंपाकघरात पडलेले असतात. कानशीनं कडेला जरा घासले, रात्रभर पाण्यात ठेवले, पेरले की पंधरा दिवसांत वर. पानंही मुळातच बारीक. कामिनी, डाळिंब, करवंद, सगळी आपल्या हवेत हसतखेळत राहणारी. काकूंची सगळ्यात देखणी कुंडी विलायती चिंचेची आहे, बावीस वर्षांची. तिच्याकडं बघून मला बर्चचा नाद सोडावासा वाटला होता, साधारण दहा मिनिटं.

विकणाऱ्यांना एवढंच सांगणं: पाकिटावर एक आणि पेटीवर एक असं नाव लिहू नका, कुंडीला भोक पाडा, कात्री-तार काढून टाका आणि त्या पैशात पत्रक नवं छापा. फ्रीज, उजेड, वरच्यावर पेरणी, झाकण वेळेवर काढणं, या चार गोष्टी मराठीत आणि हिंदीत लिहा. किंमत आहे तीच ठेवलीत तरी लोक घेतील.

आता झाड कुठं आहे ते. नोव्हेंबरमध्ये काकूंनी बजावलं, "त्याला आता झोप हवी. झोप नाही मिळाली तर पुढच्या वर्षी कुरकुरत फुटेल, त्याच्या पुढच्या वर्षी फुटणारच नाही." एलईडी बंद केली. अकरा पानांपैकी सात पिवळी होऊन गळली, चार हट्टानं राहिली, ती डिसेंबर लागल्यावर मी कात्रीनं काढली, माझ्या कात्रीनं. घरच्या फ्रीजचा विषय काढला तर बायकोनं नुसतं बघितलं. मग एका ओळखीच्या फ्रीज दुरुस्तीवाल्याकडनं अडीच हजाराला एक जुना एकदारी फ्रीज आणला, वर्कशॉपच्या कोपऱ्यात ग्राइंडरच्या पलीकडं लावला. थर्मामीटर आत टांगलाय, ५ अंश दाखवतो. आत एक कुंडी, बाकी कप्पे रिकामे. ६४९ च्या पेटीसाठी अडीच हजाराचा फ्रीज, हे लेकीला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल.

दहा आठवडे ठेवायचं, माती फक्त ओलसर राहील एवढं पाणी, आणि दार उगाच उघडायचं नाही असं काकूंनी सांगितलंय. आज सकाळी उघडलं तर खालच्या कप्प्यात पोरांनी ताकाच्या तीन पिशव्या ठेवलेल्या होत्या. राहू दिल्या.